स्पेक्ट्रमच्या कॅसेट्स लॅपटॉपवर उतरवताना या चुका टाळा

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी बुटांचा खोका घेऊन माझ्याकडे येतं. आत कॅसेट्स. लेबलांवर बॉलपेनने ‘क्रिकेट स्कोअर’, ‘बाबांचा पगार’, ‘गेम्स, पुसू नये’. झेडएक्स स्पेक्ट्रम हा कॅसेटवर प्रोग्रॅम साठवणारा घरगुती कॉम्प्युटर ब्रिटनमध्ये १९८२ साली आला आणि आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने पुढे परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला. ज्यांच्या घरी तो होता, त्यांनी गाण्यांच्याच कॅसेटवर प्रोग्रॅम साठवले. माळ्यावर पस्तीस वर्षं सुखरूप पडून राहिलेली ही कॅसेट बहुतेक वेळा मागच्या रविवारी दुपारी खराब झालेली असते. घरच्याच कोणीतरी केलेली असते.

आवाज ‘स्वच्छ’ करू नका

या एका चुकीवर माझा विशेष राग आहे.

एक गृहस्थ पेन ड्राइव्ह घेऊन आले. चौदा कॅसेट्स रेकॉर्ड केल्या होत्या, सगळं व्यवस्थित नाव-तारखेसह. ऐकायला सुरुवात केली. स्पेक्ट्रमच्या प्रत्येक फाइलच्या आधी पाचेक सेकंद एकसुरी ‘पीऽऽऽ’ वाजतो. तो सूर ओळखूनच मशीनला कळतं की आता डेटा येणार. यांच्या रेकॉर्डिंगमध्ये तो ‘पी’ एक सेकंद ऐकू यायचा आणि मग हळूहळू विरून जायचा, कोणी दार लोटून घेतल्यासारखा. लॅपटॉपमधलं नॉइज सप्रेशन चालू होतं. व्हिडिओ कॉलवर पंख्याची घरघर काढून टाकणारं तेच. त्याच्या लेखी एकसारखा वाजणारा कुठलाही सूर म्हणजे पंखा. त्याने इमानेइतबारे पंखा बंद केला.

म्हटलं, काही हरकत नाही, कॅसेट्स आणा, परत करू. ते म्हणाले, “त्या भंगारवाल्याला दिल्या. आता डिजिटल झालं ना सगळं.”

चौदापैकी दोन वाचल्या.

आत काय चाललेलं असतं ते कळलं की ही चूक होत नाही. स्पेक्ट्रमला आवाजाच्या गोडव्याशी देणंघेणं नाही. लहर वरून खाली आणि खालून वर कधी गेली, एवढंच तो मोजतो. शून्यासाठी अर्धी लहर सुमारे २४४ मायक्रोसेकंद, एकसाठी त्याच्या दुप्पट. शेवटी एक तपासणीचा बाइट. मध्ये एक बिट जरी चुकला तरी पडद्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’. ऐकायला छान करण्यासाठी बनवलेली प्रत्येक सोय या वेळांशी खेळते. म्हणून साउंड सेटिंगमधलं एन्हान्समेंट, इक्वलायझर, आपोआप आवाज वाढवणारं जे काही असेल ते सगळं बंद. ४४,१०० हर्ट्झ, मोनो, वेव्ह फाइल. एमपीथ्री कधी चालते, कधी नाही. पण डिस्क इतकी स्वस्त झाली असताना तो जुगार कशाला? आणि फोन टेपरेकॉर्डरच्या स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे. वायर लावा.

माझी सवय अशी: पहिल्या फेरीत फक्त रेकॉर्डिंग. फाइल उघडायची नाही, प्रोग्रॅम निघतो का ते बघायचं नाही. जुन्या फितीचा लेप कधी सुटू लागेल सांगता येत नाही, त्यामुळे पहिली फेरी हीच शेवटची असं धरून चालायचं. ही मूळ वेव्ह दोन ठिकाणी ठेवायची आणि पुढचे सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर. लोकांना मात्र पाच मिनिटांत गेम हवा असतो.

किरकोळ, पण महागात पडणाऱ्या

कॅसेटच्या मागच्या कडेची दोन पानं आधी मोडा. मग रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं तरी खाली जात नाही.

जुन्या टू-इन-वनचा बेल्ट वितळून डिंक झालेला असतो. आधी रिकामं चालवा, मग निकामी कॅसेट, मग बाबांचा पगार.

फीत वाचणारं टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसा. हो, दर कॅसेटनंतर.

स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनेत मधला भाग ऋण असतो. घरातला कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर उचलून लावणाऱ्याने निदान मला बोलावून लावू नये, मला बघवत नाही.

हेडच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी

हा धडा माझा स्वतःचा. मावसभावाची एक कॅसेट काही केल्या वाचेना. आवाज येत होता, पण गोधडीतून आल्यासारखा. मी सांगून मोकळा झालो, फीत गेली. वर्षभराने त्याच्या घरी तोच जुना टेपरेकॉर्डर सापडला. त्यात ती कॅसेट खणखणीत वाजली! फीत उत्तम होती. त्याच्या टेपरेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं होतं, आणि तिरक्या हेडने लिहिलेलं तितक्याच तिरक्या हेडने वाचावं लागतं.

हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हा कोन बदलतो. कॅसेट वाजत असताना तो हळूहळू फिरवायचा, आणि आवाज सर्वात तीक्ष्ण, कानाला बोचेल असा झाला की थांबायचं. हे कळल्यावर मी इतका खूश झालो की त्याच दिवशी सात-आठ कॅसेट्ससाठी स्क्रू फिरवत बसलो. रात्री माझ्या स्वतःच्या कॅसेट्स लावल्या तर एकही लोड होईना. मूळ जागा कुठे होती ते आता कोणाला विचारणार? आता मी आधी स्क्रूवर आणि शेजारच्या पत्र्यावर नेलपॉलिशची एक रेघ ओढतो. घरात त्यावरून थट्टा होते, होऊ दे.

उलटा प्रवास: लॅपटॉपवरून स्पेक्ट्रमकडे

इथे नव्वद टक्के तक्रारी आवाजाच्या पातळीच्या. फोनचं आउटपुट स्पेक्ट्रमला पुरत नाही, मध्ये छोटा ॲम्प्लिफायर लागतो. पडद्याच्या कडेच्या बॉर्डरकडे बघायला शिका: लाल-आकाशी जाड पट्टे म्हणजे तो ‘पी’ पोहोचला, निळ्या-पिवळ्या बारीक रेघा म्हणजे डेटा येतोय. पट्टे तुटक दिसले तर आवाज बदला, मशीनला दोष देऊ नका. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. ४८के मेमरीचा गेम भरायला पाचेक मिनिटं लागतात, आणि कोणाचा तरी ‘शुभ सकाळ’ नेमका साडेचारव्या मिनिटाला येतो.

स्पेक्ट्रमवरून सेव्ह करताना ‘इअर’ सॉकेटची वायर काढून फक्त ‘माइक’ची ठेवा. मग व्हेरिफाय करा, म्हणजे कॅसेटवर गेलेलं मेमरीतल्याशी ताडून बघा. व्हेरिफाय न करता मशीन बंद करणारे लोक मला समजत नाहीत.

जपून ठेवायला एसएनए स्नॅपशॉट, म्हणजे चालू मशीनच्या मेमरीची त्या क्षणाची नक्कल, नको. ४८केच्या एसएनएमध्ये प्रोसेसर कुठवर आला होता तो पत्ता स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्याच एका भागात, लिहितात, म्हणजे मेमरीतले दोन बाइट पुसले जातात. बहुधा काही बिघडत नाही, पण बिघडलं तर कारण सापडत नाही. साध्या प्रोग्रॅमना टॅप फाइल, म्हणजे कॅसेटवरचा डेटा बाइटच्या रूपात, पुरते. विकतच्या ज्या गेममध्ये स्वतःचा वेगळा लोडर (कॅसेटवरून गेम भरून घेणारा प्रोग्रॅम) असतो, त्यांना लहरींच्या वेळाही नोंदवणारी टीझेडएक्स फाइल लागते.

आणि टॅप फाइल नोटपॅडमध्ये उघडून “करप्ट आहे” असा फोन करू नका. स्पेक्ट्रमच्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रिंट, गोटू हे शब्द अक्षरांनी लिहिलेले नसतात, प्रत्येकाचा एकच बाइट असतो. आकड्यांच्या मागेही पाच-पाच बाइट लपलेले असतात. नोटपॅडमध्ये ते कचऱ्यासारखंच दिसणार. फोन करायचाच असेल तर आधी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा एकेक बाइट आकड्यात दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पहिले तीन बाइट बघा: दशमानात १९, ०, ०. ते असतील तर निदान पहिला हेडर (फाइलचं नाव वगैरे माहिती असलेला सुरुवातीचा तुकडा) उतरलाय, पुढचं बोलू.