यूकेतल्या ऑनलाइन कसिनोने पैसे अडवले तर
जिंकल्यावर विथड्रॉल टाकला आणि अकाउंटच लॉक झालं, तर चॅटवर भांडत बसू नका, तिथल्या माणसाच्या हातात काही नसतं. बॅलन्स, बेट हिस्ट्री, बोनसच्या अटी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, केवायसीचे कागद मागितले तर लगेच द्या आणि मग ईमेलवर लेखी कंप्लेंट टाका, त्यात नेमकी कुठली अट मोडली हे विचाराच, कारण नुसतं 'टर्म्सचा भंग' लिहून मोकळे होतात. 8 आठवडे झाले किंवा फायनल नकार आला की आयबाससारख्या एडीआरकडे (म्हणजे कसिनो आणि खेळणाऱ्यातलं भांडण सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जायचं, फुकट असतं. गॅम्बलिंग कमिशन (यूकेत कसिनोंना लायसन्स देणारी सरकारी संस्था) तुमचे पैसे मिळवून देत नाही, पण लायसन्स खरं की खोटं ते त्यांच्या रजिस्टरवर दिसतं. 'आधी टॅक्स भरा' म्हणाले तर सरळ फ्रॉड समजा, यूकेत खेळणाऱ्याला जिंकलेल्या पैशावर टॅक्स नसतोच.