सेसना १७२ चे वजन आणि तोल : स्प्रेडशीट कशी तयार करावी

चार आसनांच्या सेसना १७२ मध्ये चारही जागा भरल्या तरी इंधनाच्या टाक्या काठोकाठ भरता येतील, असा नवशिक्या वैमानिकांचा समज असतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. माणसे, सामान आणि इंधन यांचा हिशेब प्रत्येक उड्डाणापूर्वी मांडावाच लागतो. एकदा नीट बांधलेली स्प्रेडशीट तो दोन मिनिटांत करून देते. पुढील आकडे १७२ एस या प्रकाराचे आहेत. आपल्या शीटसाठी मात्र आपल्याच विमानाच्या हस्तपुस्तिकेतील आकडे घ्यावेत.

पहिल्या कॉलममध्ये भाराचे नाव, दुसऱ्यात वजन पौंडांत, तिसऱ्यात आर्म इंचांत आणि चौथ्यात मोमेंट, म्हणजे या दोहोंचा गुणाकार ठेवावा. आर्म हे डेटमपासूनचे, म्हणजे मोजमापाच्या आरंभरेषेपासूनचे, अंतर असते आणि १७२ चा डेटम इंजिनामागील फायरवॉलच्या (अग्निरोधक पडद्याच्या) पुढच्या बाजूस धरलेला आहे. पुढच्या आसनांचा आर्म नेहमीच्या स्थितीत ३७ इंच, मागच्यांचा ७३, इंधनाचा ४८, सामानाच्या पहिल्या कप्प्याचा ९५ आणि दुसऱ्याचा १२३ इंच असतो. पहिल्या कप्प्यात १२० पौंड, दुसऱ्यात ५० आणि दोन्ही मिळून १२० पौंडच ठेवता येतात. ही तपासणीही शीटमध्ये असावी.

सर्वांत जपून भरायची ओळ रिकाम्या विमानाची आहे. तेथे माहितीपत्रकातील सरासरी आकडा न लिहिता, त्या नोंदणी क्रमांकाच्या विमानाच्या ताज्या वजन-अहवालातील वजन आणि मोमेंट लिहावे, कारण एखादे रेडिओ यंत्र बदलले तरी दोन्ही बदलतात.

आपल्याकडे प्रवासी वजन किलोत सांगतो आणि इंधन लिटरमध्ये मोजले जाते. म्हणून किलो आणि लिटर भरण्यासाठी वेगळे सेल ठेवून रूपांतर शीटकडूनच करून घ्यावे : किलोला २.२०५ ने गुणावे, लिटरला ०.७२ ने गुणून आधी किलो काढावेत. एककांची गल्लत किती महाग पडते हे २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ने दाखवून दिले. पौंडांचा गुणक किलोच्या जागी वापरला गेल्याने विमानात गरजेच्या निम्म्याच्या आसपास इंधन भरले गेले आणि हवेतच दोन्ही इंजिने बंद पडली.

आता एक उदाहरण. रिकामे वजन १,६८० पौंड व मोमेंट ६७,२०० धरू. पुढे ३३० पौंड, मागे ३००, पहिल्या कप्प्यात ५० आणि इंधन ३० गॅलन, म्हणजे १८० पौंड. एकूण वजन २,५४० आणि मोमेंट १,१४,७०० येते. मोमेंटला वजनाने भागल्यावर गुरुत्वमध्य ४५.१६ इंचांवर मिळतो. कमाल उड्डाणवजन २,५५० असल्याने हे बसते, पण टाक्या पूर्ण भरून ५३ गॅलन केल्यास वजन २,६७८ होऊन १२८ पौंड जास्त ठरते. तीच ५० पौंडांची बॅग मागच्या कप्प्यात सरकवल्यास वजन तेवढेच राहते, पण गुरुत्वमध्य अर्ध्या इंचाहून थोडा अधिक मागे जातो.

सीमा तपासण्यासाठी ‘इफ’ फॉर्म्युला वापरावा आणि सीमा ओलांडल्यास सेल लाल होईल अशी सोय ठेवावी. नेहमीच्या उड्डाणांच्या ‘नॉर्मल’ गटात मागची सीमा सर्व वजनांना ४७.३ इंच आहे. पुढची सीमा १,९५० पौंडांपर्यंत ३५ इंच असते. त्यावर वजनातून १,९५० वजा करून १०० ने भागावे आणि ३५ मध्ये मिळवावे, म्हणजे २,५५० ला ती ४१ येते. गुरुत्वमध्य मागे गेला तर स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल एकाएकी घटण्याच्या स्थितीतून, सावरणे अवघड होते, फार पुढे गेला तर उतरताना नाक उचलण्यास शेपटीवरील एलिव्हेटर अपुरा पडतो. इंधन जळत गेले की गुरुत्वमध्यही सरकतो, म्हणून उड्डाणाचा आणि इंधन संपल्यानंतरचा, असे दोन निकाल शेजारीशेजारी दाखवावेत. आपल्या उदाहरणात इंधनाविना वजन २,३६० आणि गुरुत्वमध्य ४४.९४ येतो.

वापरण्यापूर्वी हस्तपुस्तिकेतील नमुना-गणित शीटमध्ये घालून उत्तर जुळते का पाहावे, मग मुद्दाम जास्त सामान भरून सेल लाल होतो याची खात्री करावी आणि त्यानंतरच, भरायचे सेल मोकळे ठेवून, बाकीची शीट लॉक करावी.