नव्या पिकअपची कटकट कशी आवरावी

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीमध्ये लोकांच्या अंगणात झाडं लावून देणं हा माझा धंदा. माती, विटा, फरशा, मल्चच्या गोण्या, सगळं पिकअपमधूनच येतं-जातं. मंडळाच्या गणपतीला मखराचं सामान आणायचं असलं की फोनही मलाच येतो. अलीकडे ओळखीतल्या बऱ्याच जणांनी स्वतःच्या पिकअप घेतल्यात, त्यामुळे आता फोन वेगळ्या कामासाठी येतात. "ताई, ही गाडी सारखी टुंगटुंग का करते? बंद कसं करायचं?"

आजची पिकअप कंपनीने शाळा-ऑफिसच्या फेऱ्यांसाठी बनवलेली असते, तिला तुमचं काम माहीतच नसतं. तिच्या हिशेबाने मागच्या सीटवर बाळ असतं आणि मागच्या बंपरला काही जोडलेलं नसतं. म्हणून सुरुवात मॅन्युअलमधून करा. छापील पुस्तक मिळालं नसेल तर कंपनीच्या साइटवर असतं. त्यात प्रत्येक सोयीखाली ती कधी चालणार नाही, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तेवढाच भाग वाचा. गाडीच्याच अटी वापरून जे बंद होतं त्याला पैसे लागत नाहीत. त्यानंतर स्क्रीनवरच्या सेटिंग्ज, मग बाहेरून घेतलेला मोड्यूल आणि अगदी शेवटी लॅपटॉप.

सगळ्यात जास्त शिव्या खाणारी सोय म्हणजे ऑटो स्टॉप-स्टार्ट. सिग्नलला थांबलं की इंजिन बंद, ब्रेक सोडला की चालू. ही ग्राहकांनी मागितलेली नाही. असं तंत्र बसवल्याबद्दल ईपीएकडून, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याकडून, कंपन्यांना उत्सर्जनाच्या हिशेबात सूट मिळत असे, म्हणून ती घराघरात पोचली. ऑगस्टमध्ये वेस्टहायमर रोडवर इंजिन बंद पडलं की कॉम्प्रेसरही बंद होतो आणि एसीतून कोमट वारा यायला लागतो. डॅशबोर्डवर बाणाच्या गोलात इंग्रजी 'A' असलेलं बटण शोधा. ते दाबलं की सोय बंद, पण गाडी पुन्हा चालू केलीत की तीही परत हजर. बहुतेक गाड्यांमध्ये टो-हॉल मोड, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीची सेटिंग, लावला की ती आपोआप थांबते. ट्रेलरची वायर जोडली तरी बऱ्याच गाड्यांमध्ये तेच होतं. पण रिकाम्या गाडीला दिवसभर टो-हॉलमध्ये पळवू नका, गिअर उशिरा बदलतात आणि पेट्रोल जास्त जातं. रोज बटण दाबायचा कंटाळा असेल तर बटणाच्या मागे बसणारा छोटा मोड्यूल मिळतो. तो तुमची शेवटची निवड लक्षात ठेवतो. वायर कापावी लागत नाही, सर्व्हिसिंगला देताना काढूनही ठेवता येतो.

याच संदर्भात बॅटरीचं सांगते. स्टॉप-स्टार्टवाल्या गाडीत बहुधा एजीएम जातीची बॅटरी असते आणि ती महाग असते. सोय बंद ठेवलीत तरी बदलताना त्याच जातीची घ्या. गाडीची चार्जिंगची पद्धत तिच्या हिशेबाने बसवलेली असते.

आता रिव्हर्स. ज्यांना ट्रेलर जोडायचा असतो त्यांचा खरा जीव इथे जातो. ट्रेलरची वायर गाडीत खोचली की गाडीला कळतं, मागे काहीतरी आहे. मग मागचे सेन्सर आणि आपोआप लागणारा ब्रेक बहुतेक गाड्यांमध्ये गप्प होतात. पण हिचमध्ये, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या खोबणीत, नुसतं सामानाचं कॅरिअर किंवा सायकलचा रॅक खोचला असेल तर त्याला वायर नसते. गाडीला तो मागे उभा असलेला अडथळा वाटतो. ती सतत ठणाणा करते, कधी मध्येच कचकन ब्रेक मारते आणि वरच्या गोण्या मागे घसरतात. अशा वेळी स्क्रीनवर पार्किंग असिस्टमध्ये जाऊन मागचे सेन्सर आणि मागचा स्वयंचलित ब्रेक, दोन्ही वेगवेगळे बंद करा. बहुतेक लोक एकच बंद करतात आणि मग मला फोन करतात. कॅमेरा मात्र राहू द्या. मे २०१८ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना तो कायद्यानेच लागतो आणि एकट्याने हिच जुळवताना त्याच्यासारखा मदतनीस नाही.

दार उघडून मान बाहेर काढत रिव्हर्स घ्यायची ज्यांना सवय आहे त्यांना आणखी एक धक्का बसतो. गाडी स्वतःच पार्कमध्ये जाऊन थांबते. याला कारण आहे. २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरने सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यांच्या गिअरच्या दांड्यावरून गाडी पार्कमध्ये आहे की नाही ते कळत नव्हतं, लोक उतरत आणि गाडी घरंगळे. म्हणून ही सोय बंद करायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच गाड्यांमध्ये 'दार उघडं आणि पट्टा सुटलेला' अशी दुहेरी अट असते. पट्टा लावून ठेवा आणि दार उघडून बघा. काम होतं.

एका प्रकारच्या टेलगेटबद्दलही, म्हणजे मागच्या फळक्याबद्दल, सावध करते. जीएमसी आणि शेवरोलेच्या काही गाड्यांना घडीचं टेलगेट येतं, त्याच्या आतला छोटा दरवाजा वेगळा उघडतो आणि त्याची पायरी होते. पायरी छान आहे. पण हिचमध्ये ट्रेलर अडकवायचा बॉल तसाच ठेवून आतल्या दरवाजाचं बटण दाबलं तर तो थेट बॉलवर आपटतो आणि पत्र्याला पोचा येतो. काम झालं की बॉल माउंट काढून सीटखाली ठेवा. त्याला कुलूप लावून तिथेच ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांनी बटण दाबण्याआधी खाली वाकून बघावं.

टुंगटुंग दोन प्रकारची. पहिली मागच्या सीटची आठवण. निघण्याआधी तुम्ही मागचं दार उघडलं होतं एवढंच गाडीला माहीत असतं, आत बाळ आहे की फावडं ते नाही. गाडी बंद केली की 'मागे बघा'. घरात लहान मूल असेल तर ही अजिबात काढू नका. टेक्ससच्या उन्हात बंद गाडी किती पटकन तापते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. माझी मुलं कॉलेजात गेली, मी काढली. व्हेइकल सेटिंग्जमध्ये एक टिचकी. दुसरी पट्ट्याची. शेजारच्या सीटवर मातीची गोणी ठेवली की गाडी तिला माणूस समजते. जुन्या संघीय नियमाला चालकाच्या पट्ट्यासाठी ४ ते ८ सेकंदांचा आवाज पुरत होता, तो लांबवला कंपन्यांनी. इलाज सोपा, गोणीलाच पट्टा लावा. नाहीतरी ब्रेक मारल्यावर ती पुढे येतेच.

किल्ली खिशात ठेवून, इंजिन चालू ठेवून उतरलं की फोर्ड दोनदा हॉर्न वाजवते. पहाटे ग्राहकाच्या दारात हे फारच लाजिरवाणं. फोर्डच्या गाड्यांसाठी फोरस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर आहे. लॅपटॉप आणि तो गाडीच्या संगणकाच्या ओबीडी पोर्टला जोडणारा अडॅप्टर लागतो. ते पोर्ट १९९६ पासूनच्या प्रत्येक अमेरिकी गाडीत स्टिअरिंगखाली असतं. काहीही बदलण्याआधी मूळ सेटिंगची प्रत सेव्ह करा, गाडीच्या बॅटरीला चार्जर लावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून तपासा. संगणकाची धास्ती असेल तर हॉर्न ऐकत राहा, त्याने गाडी बिघडत नाही.

सिलिंडर बंद करणारी सोय हा गंभीर विषय. हलक्या वेगात आठातले काही सिलिंडर झोपवले जातात, त्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारे खास लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) असतात, आणि काही व्ही-८ इंजिनांत तेच निकामी होतात. दुरुस्ती हजारो डॉलरची. ओबीडी पोर्टमध्ये खोचायचं एक यंत्र मिळतं, ते सगळे सिलिंडर जागे ठेवतं. पेट्रोल थोडं जास्त जातं. पण लिफ्टरचा टकटक आवाज आधीच सुरू झाला असेल तर ते यंत्र काही बरं करत नाही. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर यंत्र काढून ठेवा, बॅटरी उतरते. हॅरिस काउंटीत उत्सर्जन चाचणी अजून लागते, तिथे ते पोर्ट रिकामंच हवं. डीलर म्हणाला की यंत्र लावल्यामुळे सगळी वॉरंटी गेली, तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याचं नाव घ्या. बाहेरची वस्तू लावली एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, त्या वस्तूने बिघाड केला असं त्यांना दाखवावं लागतं.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: युरियाची टाकी किंवा धुराची जाळी काढून देणाऱ्याच्या नादी लागू नका, ते क्लीन एअर कायद्याखाली बेकायदेशीर आहे. आणि युरियाचं द्रावण गरम गॅरेजमध्ये साठवू नका, उन्हाळ्यात लवकर खराब होतं.

जी सोय आवाजच करत नाही ती मला जास्त सलते. गाडी तुमचा वेग, ब्रेक, ठिकाण कंपनीला कळवत असते. जनरल मोटर्सने ही माहिती विकली म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्ससच्या अॅटर्नी जनरलने दावा लावला, आणि जानेवारी २०२५ मध्ये एफटीसीने, म्हणजे संघीय व्यापार आयोगाने, ही माहिती ग्राहकांचे अहवाल बनवणाऱ्या कंपन्यांना द्यायला तिच्यावर पाच वर्षांच्या बंदीचा प्रस्ताव आणला. विमा कंपन्यांपर्यंत ही माहिती पोचवणाऱ्यांत लेक्सिसनेक्सिस आहे. तिच्याकडून स्वतःचा अहवाल फुकट मागवता येतो, जरूर मागवा. मग गाडीच्या अॅपमध्ये 'ड्रायव्हिंग स्कोअर' किंवा तसल्या नावाचं जे काही असेल ते बंद करा. विकत घेताना डीलर टॅब्लेटवर पटापट सह्या घेतो, तेव्हाच त्याला थांबवून हे पान वाचायचं.

गाडी अजून घ्यायची असेल तर सगळ्यात स्वस्त ट्रिम, म्हणजे कमीत कमी सोयींची आवृत्ती, बघा. फोर्डची एक्सएल, शेवरोलेची डब्ल्यूटी, रामची ट्रेड्समन. रबरी मॅट, कमी नखरे. सेल्समन ती लॉटच्या मागे ठेवतो, मागून घ्यावी लागते. जुनी बघत असाल तर २०२१ च्या जनरल मोटर्सच्या व्ही-८ गाड्यांचं मूळ स्टिकर शोधा. चिपटंचाईमुळे त्यातल्या काहींमध्ये स्टॉप-स्टार्ट बसवलंच नव्हतं, आणि ग्राहकाला वर ५० डॉलर परत दिले होते. सापडली तर मला कळवा, पुतण्यासाठी शोधतेच आहे.