महागडा प्लेअर आणि सहाचा ठेका

परभणी, बीड, जालन्याकडून डीजेच्या धंद्यात येणाऱ्या नव्या पोरांचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, कोणता प्लेअर घेऊ?" दोन भारीतले प्लेअर आणि वर त्यांची गाणी एकात मिसळणारा एक मिक्सर घ्यायचा म्हटलं की हिशोब बरेच लाख ओलांडतो. तेवढ्यात सेकंडहँड छोटा हत्ती दारात उभा राहतो आणि साऊंडवाल्याला तो जास्त कमवून देतो. तरीही घ्यायचाच असेल तर आधी एक समजून घ्या. हे यंत्र गाणं झकास वाजवतं, पण गाण्यातलं त्याला फार थोडं कळतं. आणि आपल्या वराती, हळदी, जयंत्यांमध्ये वाजणारी गाणी तर त्याला मुळीच धड कळत नाहीत.

प्लेअर गाण्याचं जे अ‍ॅनालिसिस करतो त्यात मुख्यतः चार गोष्टी निघतात. गाण्याचा वेग, म्हणजे बीपीएम. प्रत्येक ठोक्यावर मारलेल्या रेषा, म्हणजे बीटग्रिड. गाण्याची पट्टी, म्हणजे की. आणि स्क्रीनवर दिसणारं लाटांचं चित्र. यातलं चित्र बघण्यापुरतं आहे, पट्टी चुकली तरी रात्र निभावते. पण सिंक (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणं), लूप (एक तुकडा परत परत वाजवणं), बीट जंप (ठोके मोजून उडी), क्वांटाईज (दाबलेलं बटण ठोक्यावर बसवणं) ही सगळी बटणं ग्रिडवर उभी आहेत. ग्रिड चुकला की लाखाचा प्लेअर आणि दोन हजारांचा एमपीथ्री डबा यात फरक उरतो तो फक्त आवाजाचा.

२००९ मध्ये पायोनियरचा सीडीजे-२००० प्लेअर आला तेव्हापासून लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्स या त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये गाणी तयार करायची, पेनड्राईव्ह भरायचा आणि प्लेअरला लावायचा ही पद्धत रुळली. २०१७ च्या डेनॉन एससी-५००० ने लॅपटॉप नसतानाही प्लेअरमध्येच अ‍ॅनालिसिस करायची सोय दिली. २०२० चा सीडीजे-३००० नऊ इंची टचस्क्रीन घेऊन आला. स्क्रीन वाढली, प्रोसेसर वाढले, पण यंत्राची मुळातली समजूत तीच राहिली: गाणं चार ठोक्यांचं असणार आणि वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा असणार. क्लबमधलं हाऊस-टेक्नो बहुतेक कॉम्प्युटरवर बनतं, त्यामुळं तिथं ही समजूत सहसा खरी ठरते. यंत्र बनवणाऱ्यांसमोर तेच गिऱ्हाईक होतं, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. फक्त आपण ते गिऱ्हाईक नाही.

आता मूळ दुखण्याकडं येतो. देवीची आराधी गाणी, संबळावरचा गोंधळ, हलगीवरची गाणी, लावण्या, यातली बरीच सहाच्या चालीत असतात. तबल्यावर दादरा मोजतो तसं: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा आणि पाय पडतात दोन, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. समजा असं एक गाणं आहे आणि त्यात पाय मिनिटाला १०० वेळा पडतात. म्हणजे वेग १००. आत बारीक मात्रा चालतात मिनिटाला ३००. यंत्राला तीनतीनचा गट ओळखायची सवय नाही, ते दोनदोनचा गट करतं आणि स्क्रीनवर १५० लिहून मोकळं होतं. कधी त्याचं निम्मं करून ७५ दाखवतं. दोन्ही चूक.

हे पटत नसेल तर ग्रिड मोठा करून बघा. १५० च्या रेषा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या मात्रेवर पडतात. आपला ठोका मात्र पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. म्हणजे एक रेष बरोबर ठोक्यावर, पुढच्या दोन हवेत, मग परत एक ठोक्यावर. दर तिसरी रेष जुळत असल्यामुळं घाईत बघणाऱ्याला ग्रिड बरोबरच वाटतो.

मागच्या हंगामात जिंतूरकडं एका हळदीत हे सगळं समोर घडलं. डीजे पुण्याहून बोलावलेला, सेट नवाकोरा, मी साऊंडच्या बाजूला. बायकांनी आराधी गाणं लावायला सांगितलं. वाजायला लागलं, मांडवात फेर धरला. डीजेनं रंग चढवायला चार ठोक्यांचा लूप दाबला. १५० च्या हिशोबानं चार ठोके म्हणजे आठ मात्रा, आणि फेर चाललाय सहाच्या. पहिल्याच फेरीत पाय अडखळले. एक मावशी हात वर करून ओरडली, "अहो, तुटतंय की ते!" डीजेला वाटलं वायर सैल झाली. त्यानं मागं जाऊन वायर हलवली, परत येऊन आठचा लूप दाबला. आठ ठोके म्हणजे सोळा मात्रा. परत तुटलं.

यातली खरी मेख लूपच्या बटणांत आहे. ती १, २, ४, ८, १६ अशी दुपटीनं जातात. एकापासून दुपटीनं वाढणाऱ्या या आकड्यांना तीननं भाग कधीच जात नाही. त्यामुळं ग्रिड १५० वर अडकलेला असताना यातलं कुठलंही बटण दाबा, सहाच्या गाण्यात लूप समेवर परत येणारच नाही. तोच ग्रिड १०० वर आणला की चार ठोके म्हणजे बारा मात्रा, बरोबर दोन आवर्तनं, आणि लूप अलगद बसतो. डीजे माणूस तयारीचा होता, चारच्या गाण्यांवर त्यानं नंतर मांडव हलवला. सहाचं गाणं त्याच्या पेनड्राईव्हवर यंत्राच्या भरवशावर आलं होतं, एवढंच.

आता हे जागेवर दुरुस्त करता येतं का? माझ्या हाताखालून गेलेल्या प्लेअरवर ग्रिड पुढं-मागं सरकवता येतो, वेग दुप्पट-निमपट करून घेता येतो. पण "हे गाणं सहाचं आहे" असं यंत्राला सांगायची जागाच नाही. १५० ला तीननं भागून दोननं गुणायचं बटण मी कुठं पाहिलं नाही. घरी लॅपटॉपवर मात्र सॉफ्टवेअरमध्ये १०० आकडा हातानं टाकता येतो आणि पहिली रेष समेवर ओढून बसवता येते. एका गाण्याला दोन मिनिटं पुरतात. लाखाच्या यंत्राला न जमणारं काम जुनाट लॅपटॉप करतो, याचा राग मलाही येतो. पण रागानं सम सापडत नाही.

दुप्पट-निमपटीचा घोळ त्यामानानं किरकोळ. ७० चं गाणं १४० दिसतं, एवढंच. सॉफ्टवेअरमध्ये बीपीएमचा पल्ला ठरवून देता येतो. आपली गाणी कुठल्या वेगात असतात ते बघून तो लावा आणि पुढं चला.

वेग हलणारी गाणी मात्र जीव खातात. जुनी भीमगीतं, कव्वालीच्या ढंगाची गाणी, कार्यक्रमात थेट रेकॉर्ड केलेली गाणी घ्या. १४ जानेवारीला नामविस्तार दिनी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटकडं निघालेल्या गर्दीत किंवा १४ एप्रिलच्या मिरवणुकीत हीच गाणी पब्लिकला हवी असतात. ती वाजवणारे ढोलकीवाले घड्याळ लावून बसले नव्हते. गायकाला जोर चढला की ढोलकी चढते. गोंधळ तर चढण्यासाठीच असतो, संथ सुरू होऊन शेवटी घुमायला लागतो. यंत्र अशा गाण्याचा एकच सरासरी वेग काढतं आणि रेषा सरळ मारत जातं. वेगात एकाचा फरक पडला, १०० च्या जागी ९९, तर मिनिटाभरात अख्खा एक ठोका सरकतो. दशांशाचा फरक असला तरी पाच मिनिटांत अर्धा ठोका गेला. रेकॉर्डबॉक्समध्ये अ‍ॅनालिसिसचे नॉर्मल आणि डायनॅमिक असे प्रकार आहेत. डायनॅमिक प्रकार बदलत्या वेगामागं रेषा हलवतो. कामाचा आहे, पण ढोलकीच्या तुकड्यात तोही गोंधळतो. म्हणून अशा गाण्यात मी फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा ग्रिडवर बसवतो, कारण मिक्स तिथंच होतं. मधलं गाणं ढोलकीवाल्यावर सोडायचं. आणि सिंक बंद ठेवायचं. चुकलेल्या ग्रिडवर सिंक चालू ठेवलं तर प्लेअर दुसरं, चांगलं गाणंही ओढून वाकडं करतो.

पट्टीची गोष्ट थोडी मजेशीर आहे. यंत्राला बारा मेजर आणि बारा मायनर, एवढ्या चोवीसच पट्ट्या ठाऊक. भैरवी त्याला ठाऊक नाही. हार्मोनियमच्या पांढरी एकमधून भैरवी गायली तर तिचे सात सूर आणि पांढरी चारच्या मायनरचे सात सूर एकच. यंत्र सूर मोजतं, सा कुठं आहे हे ऐकत नाही, आणि बहुधा ४ए, म्हणजे डीजेंच्या खुणेत पांढरी चारची मायनर, लिहून ठेवतं. हार्मोनियमवाल्याला हे दाखवलं तर तो हसेल. मिक्स करताना मात्र यात फारसं बिघडत नाही, सूर तेच असल्यामुळं शेजारचं गाणं गोड लागतं. खरी पंचाईत कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांची. टेप तीन टक्के जोरात फिरली तर गाणं दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे जाऊन बसतं, कारण अर्धा सूर म्हणजे जवळपास सहा टक्के वेग. मग एक सॉफ्टवेअर एक पट्टी सांगतं, दुसरं दुसरी. अशा वेळी पेटी काढा, सा लावून बघा, पिच थोडा हलवून गाणं पट्टीवर आणा आणि तसंच नवीन फाईल म्हणून साठवा. गावाकडं लहानपणी भजनात बसलेल्या पोरांना हे काम पटकन येतं, हे मी पाहिलंय.

लग्नात एक प्रसंग हमखास येतो. नवरदेवाचा मित्र गर्दीतून पेनड्राईव्ह पुढं करतो. "भाऊ, हे लावा, आमच्या गावाचं गाणं आहे." त्यात व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाईल, नाव नुसते आकडे. काही पेनड्राईव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेले असतात, ते बरेच प्लेअर उघडतच नाहीत. आपला एफएटी३२ मध्ये ठेवावा. उघडला तर प्लेअर जागेवर अ‍ॅनालिसिस सुरू करतो. लाटांचं चित्र हळूहळू भरत जातं आणि तोवर पुढं गाण्यात काय आहे ते दिसत नाही. काही एमपीथ्री फाईलींचा बिटरेट बदलता असतो, त्यात गाण्याची लांबी आणि उडी मारल्यावरची जागाही चुकीची निघू शकते. अशा गाण्याला ग्रिड, लूप, सिंक काही लावू नका. आधीचं गाणं एकोवर (घुमत विरत जाणाऱ्या आवाजावर) सोडा, हे सरळ पहिल्यापासून वाजवा, आवाज हातानं सांभाळा. अशा फाईली बहुतेक वेळा फाटलेल्या आवाजाच्या असतात, गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, आधी हेडफोनवर बघा, नाहीतर टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, उडतील आणि मालक तुमच्या पगारातून कापेल.

एक बारीक गोष्ट सॉफ्टवेअर बदलणाऱ्यांसाठी. सेराटो किंवा ट्रॅक्टर या दुसऱ्या डीजे सॉफ्टवेअरमध्ये लावलेले क्यू पॉईंट, म्हणजे गाण्यातल्या जागांच्या खुणा, रेकॉर्डबॉक्समध्ये आणले की काही एमपीथ्री गाण्यांत सगळे क्यू एकदम २६ मिलिसेकंदांनी सरकलेले दिसतात. फाईलच्या सुरुवातीचा कोरा तुकडा प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या तऱ्हेनं मोजतं म्हणून तसं होतं. कान चांगला असेल तर मिक्स करताना किक, म्हणजे बेसचा ठोका, दोनदा वाजल्यासारखी लागते. हलगीच्या तडाख्यात ते लपत नाही.

धंद्यात नव्यानं येणाऱ्यानं माझ्या मते प्लेअरआधी वर्षभर एखाद्या साऊंडवाल्याकडं राहावं. बेस उचला, वायरिंग शिका, जनरेटरचं व्होल्टेज कधी पडतं ते बघा, नांदेडच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या यंत्राला काय होतं ते बघा. रात्री दहानंतर पोलीस आले की कोण बोलतं आणि काय बोलतं, तेही ऐका. घरी जुना लॅपटॉप आणि साधा कंट्रोलर पुरतो, ग्रिड बसवायला शिकायचं ते त्याच्यावर. एखाद्या हलगीवाल्याजवळ किंवा ढोलकीवाल्याजवळ बसून सहा आणि चार मोजायला शिका. चहा-नाश्त्यावर शिकवणारी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. भारी प्लेअर मोठ्या सुपारीला भाड्यानं मिळतात, आणि ज्याच्या पेनड्राईव्हवर गाणी नीट बसवलेली आहेत त्याला कुणाचाही प्लेअर चालतो.

माझ्या पेनड्राईव्हवर सहाची गाणी वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि प्रत्येकाच्या नावाआधी ६ लिहिलेला असतो. वेग हलणाऱ्या गाण्यांना "ह", म्हणजे हातानं. स्क्रीन काहीही दाखवो, ते अक्षर दिसलं की सिंकवरचं बोट उचलायचं. याच पेनड्राईव्हची दुसरी प्रत खिशात असते, आणि तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला की दर सोमवारी दोन्ही जुळवून घेतो, कारण सोमवारी बुकिंग कमी असतं.