सेल्फ मारला की नुसता ‘टक्’

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला सेल्फ मारला की फक्त ‘टक्’ व्हायचं, इंजिन जागचं हलायचं नाही. गॅरेजवाले म्हणाले बॅटरी बदला. मला पटेना. बॅटरी बसली असती तर सेल्फ मारताना हेडलाइट पार मंदावले असते. इथे ते लख्खच. म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या सेल्फच्या मोटरपर्यंत करंट पोचत नव्हता.

गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मुलीला किल्ली फिरवायला लावून मल्टिमीटर धरला. सोलेनॉइडच्या (किल्ली फिरवली की मोटरला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) बॅटरीकडच्या जाड बोल्टवर १२ व्होल्ट, किल्लीकडून येणाऱ्या बारीक वायरवरही पुरेसे. मोटरकडच्या बोल्टवर मात्र जवळजवळ शून्य! दोष सोलेनॉइडच्या पोटातच होता.

खोलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, हे कळकळीने सांगतो. त्या जाड केबलला सहसा फ्यूज नसतो; पाना बॉडीला टेकला तर जबर शॉर्ट होतो.

आत तांब्याचे कॉन्टॅक्ट जळून काळे पडलेले, त्यांना खड्डे. प्लंजर (सोलेनॉइडमधला सरकता लोखंडी दांडा) ओढला जायचा, म्हणून ‘टक्’. पण पुढे जोड लागतच नव्हता. पॉलिशपेपर मारून थोडे दिवस निभावलं असतं, तरी मी नवे कॉन्टॅक्टच बसवले. मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) चांगले होते. आता थंड इंजिनही चटकन फिरतं.