बालहक्क आयोगाकडे तक्रार करताय? या चुका टाळा

बालगृहात मुलाला मारहाण होतेय, शाळेने प्रकरण दाबलंय, पोलीस दाद देत नाहीत. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "थेट आयोगाकडे जा." हा सल्ला अर्धाच आहे. महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली चालतो. यंत्रणेने आपलं काम केलं की नाही हे तो तपासतो. मुलाला धोक्यातून बाहेर काढणं, आरोपीला अटक करणं, ताबा कुणाकडे द्यायचा ते ठरवणं ही कामं कायद्याने दुसऱ्यांवर सोपवली आहेत. हा फरक लक्षात न घेता पाठवलेला अर्ज महिनोन् महिने टेबलांवरून फिरत राहतो आणि मूल तिथेच असतं.

धोका आजचा, अर्ज टपालाने

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मूल आत्ता धोक्यात असेल तर १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ ला फोन करा, जवळचं पोलीस ठाणं गाठा किंवा मुलाला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे (संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणारी समिती) न्या. समितीपुढे मुलाला नेण्यासाठी वकील लागत नाही. समाजसेवक, जागरूक नागरिक नेऊ शकतो, मूल स्वतःही जाऊ शकतं. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एखाद्या सदस्यापुढे हजर करता येतं.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर आयोगाला पत्र लिहून जबाबदारी संपतच नाही. पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांनाच द्यावी लागते. नुसती शंका असली तरी. न देणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत. "आम्ही आयोगाला कळवलं होतं" असं म्हणणाऱ्या मुख्याध्यापकाने कलम १९ पाळलेलं नसतं. पोलिसांना माहिती लेखी द्या आणि पोच घ्या. ठाण्यात घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा (शहरात आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना), तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

समितीचा आदेश आयोग फिरवेल, ही समजूत

मुलाला बालगृहात ठेवण्याचा किंवा पालकांकडे परत देण्याचा बाल कल्याण समितीचा आदेश आयोग रद्द करू शकत नाही. त्यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १०१ खाली बालन्यायालयात अपील करावं लागतं. मुदत ३० दिवस, आणि ती आदेशाच्या तारखेपासून मोजली जाते. त्यामुळे आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा. आयोगाच्या उत्तराची वाट बघत पालक हीच मुदत घालवून बसतात. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय अपील दाखल करून घेऊ शकतं. पण "आयोगाकडे अर्ज केला होता" एवढ्यावर विसंबू नका.

प्रतिपालकत्व (मुलाला तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवणं) आणि प्रायोजकत्व (मुलाच्या संगोपनासाठी आर्थिक मदत) यांबाबतच्या निर्णयांवरचं अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रारही तिथेच, कलम २७(१०) खाली: सदस्य बैठकीला येत नाहीत, आदेशाची प्रत देत नाहीत, ऐकून घेत नाहीत. आदेश चुकीचा वाटतो की वागणूक चुकीची वाटते, हे आधी ठरवा. दोन्ही असतील तर दोन वेगळे अर्ज करा.

कोर्टात चाललेलं प्रकरण पुन्हा आयोगापुढे

कौटुंबिक न्यायालयातला ताब्याचा वाद बालहक्काचं नाव देऊन आयोगाकडे नेला तरी तो न्यायप्रविष्टच राहतो. आरोपीच्या जामिनाचंही तसंच. त्याच घरातला वेगळा प्रश्न मात्र चालतो. उदाहरणार्थ, वादात अडकलेल्या मुलाचा दाखला शाळा अडवून बसली असेल, तर फक्त तेवढंच लिहा. जोडीदाराबद्दलची चार पानं काढून टाका. आणि ताबा मिळावा म्हणून समोरच्यावर पॉक्सोचा खोटा आरोप करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुलाला त्यात ओढणं त्याहून वाईट.

एकच अर्ज मुंबईलाही आणि दिल्लीलाही

राज्य आयोगापुढे असलेल्या प्रकरणाची चौकशी राष्ट्रीय आयोग करू शकत नाही. २००५ च्या कायद्याचं कलम १३(२) तसं सांगतं. आठ ठिकाणी प्रती पाठवल्या की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. महाराष्ट्रातल्या यंत्रणेबद्दल तक्रार असेल तर राज्य आयोगाकडे एकच अर्ज करा आणि आधी कुठे अर्ज केला असेल तर तो क्रमांकासकट त्यात सांगा.

"योग्य ती कारवाई व्हावी"

या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. आयोगाला चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात, म्हणजे साक्षीदाराला बोलावणं, कागदपत्रं मागवणं, शपथपत्र घेणं. तेव्हा कोणता कागद मागवायचा हे तुम्हीच लिहा. अर्ज मराठीत चालतो. एका पानात तारखा, कार्यालय आणि न झालेलं काम, एवढं पुरे. नमुना असा:

"दि. ४ जून रोजी पोलीस ठाण्यात पॉक्सोखाली लेखी माहिती दिली (पोच सोबत). पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवणं बंधनकारक होतं. १९ जूनला समितीकडे विचारलं असता अशी नोंद नसल्याचं सांगितलं. ठाण्याची नोंदवही व समितीचं आवक रजिस्टर मागवावं, ही विनंती."

मुलाचं नाव, फोटो, शाळेचं नाव असलेला अर्ज व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्जदार स्वतः पालक असला तरी मुलाची ओळख ही पालकाच्या मालकीची वस्तू नसते.

शिफारस आली म्हणजे काम झालं, असं धरणं

चौकशीनंतर आयोग खटला भरण्याची किंवा अंतरिम मदतीची शिफारस सरकारला करतो, गरज पडल्यास उच्च न्यायालयातही जाऊ शकतो. शिक्षा तो स्वतः देत नाही. म्हणून शिफारशीची प्रत हातात आली की ती ज्या विभागाला गेली तिथे माहिती अधिकाराचा अर्ज टाका: दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात मुलाचं नाव घालू नका, "वैयक्तिक माहिती" म्हणून अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. आयोगाच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख द्या, आणि त्या पत्रावर कुणी, कधी, काय टिप्पणी लिहिली त्याची प्रत मागा.