आइसवाइन करताना आणि ठेवताना या चुका टाळा

आइसवाइन म्हणजे गोठलेल्या द्राक्षांच्या रसाची गोड वाइन, तिचं सगळं गणित बर्फावर आहे. कॅनडात नायगाराच्या मळ्यांत विदाल, रीसलिंग या जातींच्या द्राक्षांचे घड ऐन थंडीपर्यंत वेलीवरच ठेवतात. पारा उणे 8 अंशांवर उतरला (जर्मनीत उणे 7) की बहुधा रात्रीच खुडणी होते आणि मणी गोठलेले असतानाच प्रेसमध्ये जातात. पाणी बर्फ होऊन सालीबरोबर मागे राहतं, बाहेर येतो तो 35 ब्रिक्सच्या (म्हणजे 100 ग्रॅम रसात साधारण 35 ग्रॅम साखर) आसपासचा दाट रस.

घरी फ्रीझरमध्ये द्राक्षं गोठवणारे नेमकं इथेच चुकतात. मणी पूर्ण वितळू देतात आणि मग पिळतात. बर्फाचं पाणी परत रसात मिसळतं, 22 ब्रिक्सची द्राक्षं 22 लाच राहतात. पहिला थेंब सुटू लागला की लगेच दाब द्या. सुरुवातीचा रस सर्वांत गोड. रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हाताशी असू द्या आणि आकडा 35च्या खाली घसरू लागला की थांबा. चोथा पाहून जीव हळहळतो, पण हाव धरली की वाइन पातळ झालीच. मिक्सर तर नकोच, बर्फ आणि बिया दोन्ही दळल्या जाऊन रस कडवट होतो. आणि फ्रीझरमध्ये गोठवलेल्या द्राक्षांच्या वाइनला आइसवाइन म्हणून विकायला कॅनडा, जर्मनीत परवानगी नाही. तिथे द्राक्षं वेलीवरच गोठलेली लागतात.

इतक्या गोड रसात यीस्ट थेट टाकू नका. साखर पेशींमधलं पाणी ओढून घेते, यीस्ट अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि व्हिनेगरचा वास येतो. कोमट पाण्यात फुगवलेल्या यीस्टमध्ये रस थोडाथोडा घालत त्याला सवय लावा. आंबायला कित्येक आठवडे लागतात. बुडबुडे थांबले म्हणून लगेच बाटल्या भरू नका. साखर शिल्लक असते, यीस्ट पुन्हा जागं झालं तर बाटली फुटू शकते. आधी थंड करून, सल्फाइट (यीस्टला आवर घालणारं, वाइन टिकवणारं रसायन) घालून, बारीक गाळून घ्या.

कॅनडाहून आणलेली बाटली कपाटावर ठेवून देणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. गोड आहे म्हणून मुरंब्यासारखी टिकेल, हा भ्रम आहे. मे महिन्याच्या उकाड्यात रंग तपकिरी होतो, जर्दाळूचा सुगंध जाऊन करपट वास उरतो. 10 ते 13 अंशांत, अंधारात ठेवा; बूच असेल तर आडवी. उघडल्यावर घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा.